सद्गुणांचा सराव कुठून सुरू करावा

आधी एक वही घ्या. शर्टाच्या खिशात किंवा पर्सच्या आतल्या कप्प्यात मावेल एवढी, दहा-वीस रुपयांची. सोबत एक पेन्सिल. बायबल तुमच्याकडे असेल, नसेल तर त्याचंही पुढे सांगते. पण सुरुवात वहीपासून.

हे मी नव्या माणसांसाठी लिहिते आहे. नवे म्हणजे नुकताच बाप्तिस्मा घेतलेले. किंवा ख्रिस्ती घरात जन्मून नाताळ आणि ईस्टर सोडून चर्चची पायरी न चढलेले, आणि आता चाळिशीत परत येऊ पाहणारे. किंवा नोकरीसाठी नगर, सोलापूर, जालन्याकडून ठाण्यात आलेले आणि गावची मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, मागे राहिल्याने एकटे पडलेले. आमच्या मंडळीत अशा लोकांच्या घरी भेटीला जायचं काम काही वर्षं माझ्याकडे आहे. चहा होतो, प्रार्थना होते, आणि मी दारात चपला घालत असताना हमखास प्रश्न येतो, "ताई, विश्वास ठेवला, पण स्वभाव होता तसाच आहे. आता करायचं काय?"

स्वभावाला औषध नाही, असं आपल्याकडे म्हणतात. मला ते पटत नाही. औषध आहे, ते रोज घ्यावं लागतं आणि त्याला चव फारशी नसते, इतकंच.

एकच फोड सोला

बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात, २२ आणि २३ या वचनांत, पौल नऊ गोष्टी सांगतो: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नवा माणूस उत्साहाने नऊच्या नऊ घेऊन बसतो. सोमवारी नऊ, बुधवारी चार, आणि शनिवारी वही कुठे ठेवली तेच आठवत नाही.

पौल याला पवित्र आत्म्याचं 'फळ' म्हणतो आणि मूळ ग्रीकमध्येही तो शब्द एकवचनी आहे. मोसंबी एक, फोडी नऊ. तुम्ही एक फोड सोलायला घ्या, बाकीच्या तिला चिकटूनच असतात. शिवाय हे फळ आत्म्याचं आहे, आपल्या कारखान्यातलं नाही. आपण तण काढायचं, पाणी घालायचं; फळ धरणं आपल्या हातात नाही. देवाने आपल्याला आवडून घ्यावं म्हणून हा खटाटोप नाही, हे एकदा नीट समजून घ्या. त्याने आधीच घेतलेलं आहे.

कुठली फोड घ्यायची, हे मात्र एकट्याने ठरवू नका. आपण आपला आवडता दोष निवडतो. "माझी प्रार्थना कमी पडते" असं म्हणायला सोपं जातं, त्यात थोडी शोभाही असते. घरच्यांना विचारा. मी विचारलं तेव्हा माझी मुलगी, तेव्हा सहावीत होती, क्षणभरही न थांबता म्हणाली, "तू फोनवर कसली गोड बोलतेस. आणि फोन ठेवला की आमच्यावर ओरडतेस." सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त भाजी निवडत राहिल्या. तेवढ्याने कळायचं ते कळलं. माझी फोड सौम्यता ठरली.

आणि ती आणखी बारीक करा. 'सौम्य होईन' हे मोजता येत नाही. 'घरात आवाज चढवणार नाही' हे मोजता येतं. 'खरं बोलेन' नको. 'उशीर झाल्यावर ट्रेनचं खोटं कारण देणार नाही' हे चालेल.

रेषा आणि टिंबं

ही पद्धत माझी नाही. इग्नेशियस लोयोला नावाचा स्पॅनिश सैनिक १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळला आणि बरा होता होता त्याचं आयुष्य बदललं. पुढे त्याने येशूसंघाची, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघाची, स्थापना केली. ही पद्धत त्याची. कॅथोलिक धर्मगुरूंना या वहीबद्दल विचारा, बहुतेकांना ठाऊक असते. मी प्रोटेस्टंट घरातली, पण चांगली गोष्ट कुणाच्या स्वयंपाकघरातली आहे हे बघत बसत नाही.

करायचं असं. आठवड्याच्या पानावर सात दिवसांसाठी प्रत्येकी दोन आडव्या रेषा मारा. वरची रेषा सकाळ ते दुपारच्या जेवणापर्यंत, खालची जेवणापासून झोपेपर्यंत. सकाळी उठल्या उठल्या आपला तो एक दोष मनात आणायचा आणि त्याबद्दल देवाकडे मदत मागायची. दिवसात घसरलात की तिथल्या तिथे छातीवर हात ठेवायचा. गर्दीतही कुणाच्या लक्षात येत नाही. दुपारी डबा खाऊन झाल्यावर सकाळपासूनचा एकेक तास आठवून जितक्या वेळा चुकलात तितकी टिंबं वरच्या रेषेवर द्यायची. रात्री खालच्या रेषेवर. मग आजची टिंबं कालच्याशी ताडून पाहायची, आणि रविवारी हा आठवडा मागच्या आठवड्याशी.

पहिल्या आठवड्यात टिंबं वाढतात. घाबरू नका, तुम्ही बिघडलेले नाही. आधी मोजत नव्हता.

माझ्या वहीने तिसऱ्या आठवड्यात मला एक वेगळीच गोष्ट दाखवली. टिंबं दिवसभर पसरलेली नव्हतीच. ऑफिसात जवळपास शून्य. सगळी गर्दी संध्याकाळी साडेसात ते आठ. म्हणजे ऐरोलीहून ट्रेनने ठाणे, मग शेअर रिक्षाची रांग, मग वर्तकनगर, मग दार उघडताच सिंकमधली भांडी. दुपारी एकनंतर पोटात काही गेलेलं नसायचं. माझा निम्मा राग भुकेचा होता आणि मी मात्र त्यासाठी उपवास करून प्रार्थना करायच्या विचारात होते!

पहिल्या राजांच्या पुस्तकात, १९ व्या अध्यायात, एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देवाचा दूत येतो तो उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. बोलणं नंतर, डोंगरावर. तेव्हापासून मी स्टेशनबाहेर चणे घेते आणि बिल्डिंगच्या कट्ट्यावर पाच मिनिटं बसून मग वर जाते. अध्यात्मात चणे बसतात का, असं कुणी विचारलं तर एलीयाकडे बोट दाखवा.

सकाळची पंधरा मिनिटं

आमच्या सोसायटीत पाणी साडेपाचला येतं. पाणी भरणं, डबे, मुलांची बस यांत 'निवांत वेळ' सापडेल म्हणून थांबाल तर निवृत्तीपर्यंत थांबाल. एक ठरलेली जागा आणि एक ठरलेलं काम पकडा, त्यालाच वाचन जोडा. माझं वाचन कुकर लावल्यापासून तो उतरवेपर्यंत, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. शेजारच्या बिल्डिंगमधले एक काका गच्चीवर जाऊन वाचतात. एक नवरा-बायको मुलं उठायच्या आत पलंगावरच, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं.

बायबल कागदाचं घ्या. फोनवर मराठी बायबल फुकट मिळतं आणि प्रवासात ते सोयीचं आहे, पण सकाळी नको. वचन शोधायला फोन हातात घेतला की आधी सोसायटीचा ग्रुप उघडतो. मग पार्किंगवरून कोण काय म्हणालं ते वाचून तुम्ही प्रार्थनेला बसता. बायबल सोसायटीचं जुन्या वळणाचं भाषांतर बहुतेक मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत वाचलं जातं. ते जड गेलं तर सोप्या मराठीतलं घ्या, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं अशाच कामाला दिली, साध्या बायांना कळेल असं बायबल मराठीत आणण्यासाठी.

उत्पत्तीपासून सुरू करू नका. लेवीयपर्यंत पोहोचून बंद पडलेले पुष्कळ पाहिले आहेत. मार्कचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय, रोज एक. नंतर मत्तयचे पाच ते सात हे तीन अध्याय, डोंगरावरचं प्रवचन, पण सावकाश, महिनाभर. नीतिसूत्रे ३१ अध्यायांची आहेत, म्हणजे तारखेप्रमाणे एक. व्यवहारी माणसाला ती फार मानवतात. स्तोत्रं वाचायची नसतात, म्हणायची असतात. २३, ५१, १०३, १२१ यांपासून सुरू करा. १३१ वं फक्त तीन वचनांचं आहे, पाठ करून टाका.

वाचून झालं की एक प्रश्न: यातलं आज संध्याकाळपर्यंत मला काय लागणार आहे? उत्तर नाही सापडलं तर नाही. 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणा आणि कुकर उतरवा. ती प्रार्थना येशूने स्वतः शिकवली आहे. आपल्या प्रार्थना सुचेनाशा होतात तेव्हा ती पुरते.

फलाट नऊ आणि दहा

ठाण्याहून ऐरोली, घणसोली, वाशीकडे जाणाऱ्यांना फलाट नऊ-दहा वेगळे सांगायला नकोत. सहनशीलतेची शाळा तिथे फुकट भरते. मागून रेटणारी, बॅग पुढे न घेणारी, दारात उभी राहून आत न सरकणारी माणसं. आपणही कुणाच्या तरी गोष्टीत त्यांपैकीच एक असतो.

इथे लांब प्रार्थना जमत नाही. एक छोटी धरा. मार्कच्या दहाव्या अध्यायात यरीहोच्या रस्त्यावर बसलेला आंधळा बार्तीमय ओरडतो, त्याचा भाव एवढाच की येशू, माझ्यावर दया कर. लोक त्याला गप्प बसायला सांगतात तर तो जास्तच ओरडतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत शेकडो वर्षं हीच हाक श्वासाबरोबर घोळवतात. दिघा गावपर्यंत घोळवून पाहा. मग डब्यात समोर दिसणाऱ्या एका अनोळखी माणसासाठी एक वाक्य मनात बोला: डुलक्या घेणारी नर्स, इंटरव्ह्यूची फाईल छातीशी धरलेला मुलगा. ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याला कोपर मारणं अवघड जातं, असा माझा अनुभव आहे.

डब्यात उभं राहून उपदेश मात्र करू नका. माणसं थकलेली असतात.

ऑफिसबद्दल थोडक्यात. मत्तय ५:३७ मध्ये येशू म्हणतो, तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही. "मी मीटिंगमध्ये आहे," "मेल आलाच नाही," रिक्षाने जाऊन टॅक्सीचं बिल लावणं. याची वेगळी यादी कशाला, तुमची तुम्हाला पाठ आहे.

पैसा आणि घरी काम करणाऱ्या मावशी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्या माणसांना दशमांशाबद्दल, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याबद्दल, लगेच सांगितलं जातं आणि त्याच्या आधीची गोष्ट राहून जाते. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात, १४ आणि १५ या वचनांत, मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या, असं सांगितलं आहे. तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्यावर लागलेलं असतं. याकोबाचं पत्रही अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल फार कडक बोलतं.

म्हणून दानाच्या पाकिटाआधी हे करा. घरी काम करणाऱ्या मावशींचे पैसे एक तारखेला, न मागता. आठवड्याची एक सुट्टी पगारी. त्या आजारी पडल्या तर दिवस कापायचे नाहीत. दिवाळीचा बोनस त्यांचा, आपल्या नाताळपर्यंत लांबवायचा नाही. बिल्डिंगच्या वॉचमनला नावाने हाक. मी कितीतरी वर्षं प्रार्थनासभांना वेळेवर जात होते आणि मावशींचे पैसे "सुट्टे नाहीत, उद्या देते" करत पाच-सहा तारखेपर्यंत ढकलत होते. हे कुणी मला दाखवलं नाही. ते वचन कुकरच्या शिट्ट्या मोजताना समोर आलं आणि शिट्ट्या चुकल्या.

त्यानंतर दान. मत्तयच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींची एकच अट आहे: गुपचूप. डाव्या हाताला कळू नये. वर्गणीच्या यादीत नाव येणारं दान वाईट नाही, पण महिन्यातून एकदा तरी असं द्या की पावती नाही, फोटो नाही, नवऱ्यालाही सांगायचं नाही. (संयुक्त खातं असेल तर रक्कम आधी बोलून घ्या; गुपित दानाचं असावं, हिशेबाचं नाही.)

भांडण झालं तर

सोसायटी असो की मंडळी, भांडण होणारच. मत्तय १८:१५ मधला क्रम साधा आहे. ज्याने दुखवलं त्याच्याकडे आधी एकट्याने जायचं. नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन. सगळ्यांपुढे मांडणं सर्वांत शेवटी. आपण बरोबर उलटं करतो: आधी ग्रुपवर, मग दोघा-चौघांत, आणि त्या माणसाला कधीच नाही. नव्या माणसासाठी माझा नियम असा: ज्या मेसेजमध्ये राग आहे तो वहीत लिहायचा, फोनमध्ये नाही. सकाळी वाचून पाहायचा. तरी खरा वाटला तर त्याचं दार वाजवायचं.

क्षमा म्हणजे अन्याय सहन करत राहणं नव्हे, हेही सांगते. घरात मारहाण होत असेल तर तिथे 'सहनशीलता' म्हणून थांबायला कुणी वचन दाखवत असेल, तर ते वचन चुकीच्या हातात आहे. सुरक्षित जागी जा, मदत मागा. क्षमेचा विचार नंतर.

मारहाणीवरून आठवलं. धैर्य म्हटलं की आपल्याला हुतात्मे आठवतात आणि ठाण्याला ते आहेत. १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन साथी, फ्रान्सिस्कन संघाचे लोक, पूर्वेकडे निघालेले ठाण्यात थांबले आणि इथेच मारले गेले. तेव्हाही इथे ख्रिस्ती घरं होती. नंतर आलेल्या ओदोरिक या प्रवाशाने नेस्टोरियन पंथाची पंधरा घरं नोंदवली आहेत. त्याच्याच वृत्तांतानुसार प्रकरण सुरू झालं ते यजमानाने बायकोला मारलं म्हणून. ती काझीकडे तक्रार घेऊन गेली, साक्षीदार कोण विचारल्यावर तिने घरी उतरलेल्या या पाहुण्यांची नावं सांगितली. पुढे वाद धर्मावर गेला. मला या कथेत राहून राहून ती बाई दिसते. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

रात्री, दिवा घालवण्याआधी

दहा मिनिटं पुरतात. आजच्या दिवसातल्या चांगल्या गोष्टींसाठी आभार, आणि त्या नेमक्या असाव्यात: लवकर मिळालेली रिक्षा, सासूबाईंनी न सांगता निवडून ठेवलेली मेथी. मग प्रकाश मागा, म्हणजे दिवस देवाच्या नजरेने दिसू दे. मग सकाळपासूनचा दिवस पुढे सरकू द्या. चुकलं त्याची क्षमा. उद्याच्या एका अवघड क्षणासाठी मदत. टिंबं द्या, वही मिटा. मधेच झोप लागली तर लागली.

एकट्याने होत नाही

चर्च शोधा. तलावपाळीजवळचं सेंट जॉन बाप्टिस्ट कॅथोलिकांचं. सेंट जेम्स प्रोटेस्टंट परंपरेतलं, १८२५ पासूनचं. घोडबंदर रोडपासून वाशी-नेरूळपर्यंत नव्या वस्त्यांतही चर्च आणि घरगुती सभा आहेत. उपासना मराठीत आहे का आणि किती वाजता, हे फोन करून विचारा. पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसा, गाणी येत नसतील तर ऐका. तिसऱ्या रविवारनंतरही कुणी नाव विचारलं नाही तर तुम्हीच पाळकांना किंवा फादरना गाठा. कॅथोलिक असाल तर महिन्यातून एकदा कुमसाराला, म्हणजे फादरकडे पापकबुलीला, जाताना वहीचा फार उपयोग होतो. "मी पापी आहे" या मोघम वाक्याऐवजी सांगायला नेमकं काही असतं.

आणि एक जोडीदार धरा, वयाने मोठा, शक्यतो न बोलता ऐकणारा. पंधरा दिवसांतून एकदा चहा. माझ्या जोडीदार एक निवृत्त शिक्षिका होत्या. मी तावातावाने टिंबांचा हिशेब मांडायचे, त्या बिस्किट बुडवून म्हणायच्या, "बरं. मग मुलीला सॉरी म्हणालीस का?"

उपवासकाळ नव्या माणसाला पहिल्याच वर्षी झेपेल इतकाच करावा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार सोडून चाळीस दिवस होतात. चहातली साखर सोडलीत तर वाचलेले पैसे बाजूला काढा, नाहीतर तो उपवास नुसतं डाएट होतो. मधुमेह असेल, औषधं चालू असतील तर जेवण सोडू नका. रात्रीची मालिका सोडा.

मधे कोरडे महिने येतील. वाचलेलं लागणार नाही, प्रार्थना छताला आपटून परत येईल. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये. आणि सोवळ्या-ओवळ्याच्या सवयी त्यांच्या हातून एका दिवसात सुटल्या नाहीत. तेव्हा तुमच्या तीन महिन्यांच्या वहीकडे जरा दमाने बघा. मात्र टिंबं मोजता मोजता स्वतःचा तिरस्कार वाटू लागला, झोप उडाली, रोज तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करावंसं वाटू लागलं, तर वही बंद करा आणि जोडीदाराला सांगा. दोन आठवडे मन उठतच नसेल तर डॉक्टरांकडे जा. ते अविश्वासाचं लक्षण नाही.

वही साधारण पाच-सहा महिन्यांत भरते. भरली की मी शेवटची चार पानं वाचते, एक ओळ नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवते आणि जुनी फाडून ओल्या कचऱ्यात टाकते, भाजीच्या देठांखाली. दुसऱ्या कुणी ती वाचायची नाही. या वेळी उतरवलेली ओळ अशी आहे: 'चणे संपले होते, तरी पाच मिनिटं बसले.' फोड अजून सौम्यताच चालू आहे. मुलगी आता दहावीत आहे आणि तिने स्वतःची वही केली आहे, कुलूपवाली, त्यामुळे त्यात काय आहे ते मला सांगता येणार नाही.